ओढ्यावरचा साकव आणि ठराव क्रमांक चौदा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या नगरपरिषदेच्या नगराध्यक्षा सन्माननीय सारिकाताई, मुख्याधिकारी आदरणीय स्नेहल मॅडम, ज्यांच्याशिवाय गावातला एकही नारळ फुटत नाही असे आमचे ज्येष्ठ नगरसेवक बाजीराव आबा, त्यांचे तितकेच ज्येष्ठ प्रतिस्पर्धी कैलासशेठ, व्यासपीठावरचे आणि व्यासपीठावर जागा न उरल्याने पहिल्या रांगेत बसलेले सर्व सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या नंदाबाई. नंदाबाई, पुढे खुर्ची रिकामी आहे, बसा. आज झाडू बाहेर ठेवला तरी चालेल.

उद्या एक जून. माझा वाढदिवस. खरं तर मी कधी जन्मलो हे माझ्या आईलाही नक्की सांगता येत नव्हतं, पण शाळेतल्या गुरुजींना ते बरोबर माहीत होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांबद्दलही त्यांना हीच माहिती होती. त्या गुरुजींच्या कृपेने आज, एकतीस मे रोजी, सायंकाळी साडेपाच वाजता मी, चाँद बाबालाल मुलाणी, सभा लिपिक, नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे. आत्ता पाच वाजून पाच मिनिटं झाली आहेत. म्हणजे अजून पंचवीस मिनिटं मी नोकरीत आहे, हे सर्वांनी कृपया लक्षात ठेवावं.

माझ्याआधीच्या सात वक्त्यांनी माझा उल्लेख मनमिळाऊ असा केला. सातही जणांना तोच शब्द सुचावा हा योगायोग नाही. भाषणाचे मुद्दे लिहून द्या म्हणून ते माझ्याकडेच आले होते.

सभा लिपिक म्हणजे काय, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. सभेत जे होतं ते लिहायचं, हे माझं काम. बत्तीस वर्षं मी ते केलं. लोणावळ्याच्या अलीकडे आणि तळेगावच्या पलीकडे असलेल्या या आपल्या छोट्या गावाचा विकास आधी माझ्या वहीत झाला आणि मग, जमेल तसा, रस्त्यावर. धबधब्याकडे जाणारा मार्ग पर्यटकांना दाखवणारे फलक लावण्याचा ठराव मी लिहिला. धबधब्याकडे जाण्यास पर्यटकांना मनाई करणारे फलक लावण्याचा ठरावही मीच लिहिला. दोन्ही मंजूर झाले, दोन्ही फलक लागले, आणि खांब वाचावा म्हणून एकाच खांबावर लागले. गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब त्या खांबाखाली गाडी थांबवून बराच वेळ विचार करत होतं. शेवटी चिक्की घेऊन परत गेलं.

बाजारपेठेतले पेव्हर ब्लॉक बसवणे, काढणे आणि पुन्हा बसवणे याचे माझ्या हातचे एकूण अकरा ठराव आहेत. यातले निम्मे कार्योत्तर मंजुरीचे. कार्योत्तर मंजुरी म्हणजे काम आधी करायचं आणि परवानगी मागाहून घ्यायची. ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की रीतसर आधी परवानगी मागितली तर सभागृहाला संशय येतो.

आता आणखी एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी मागच्या सभेत काय काय झालं ते वाचतो, सभागृह ‘कायम’ म्हणतं, आणि तेवढं म्हटलं की वहीत लिहिलेलं सगळं खरं ठरतं. आणि बरोबर याच वेळी बटाटेवडे येतात. ही वेळ कोणी ठरवली हे कुठल्याही ठरावात नाही, पण बत्तीस वर्षांत ती चुकलेली नाही. त्यामुळे मी वाचलेलं इतिवृत्त या सभागृहात आजवर कोणी ऐकलेलं नाही. तक्रार म्हणून नाही सांगत. वडे खरंच चांगले असतात.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओढ्यापलीकडची वाडी नगरपरिषदेच्या हद्दीत येऊन चार वर्षं झाली होती. वाडीला घरपट्टीच्या पावत्या जात होत्या, पण वाडीतून इकडे यायला रस्ता नव्हता. उन्हाळ्यात माणसं ओढ्यातून यायची. जूनपासून चार महिने ओढा भरला की रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने. आपल्या सफाई विभागातल्या नंदाबाई त्या वाडीतल्या. त्या जुलैत त्यांना कामावर यायला सहा वेळा उशीर झाला. तेव्हाच्या साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली. ती मी लिहिली.

नोटीस घेऊन नंदाबाई माझ्याच टेबलाशी आल्या. म्हणाल्या, “चाँदभाऊ, तुमीच लिवली, आता उत्तर बी तुमीच लिवा. मला कुटं लिवता येतंय. उशीर का झाला म्हून वढ्याला इचारा म्हनावं.”

मी खुलासा लिहिला. साहेबांनी वाचला आणि खुलासा समाधानकारक नाही असं पत्र द्यायला सांगितलं. तेही मीच लिहिलं. माझी नोटीस, तिला माझं उत्तर, आणि ते उत्तर मला पटलं नाही म्हणून माझंच पत्र. एकाच दिवसात एवढा वैचारिक संघर्ष माझ्या आयुष्यात पुन्हा झाला नाही.

मग साहेब म्हणाले, ओढ्याला खरंच एवढं पाणी आहे का, ते बघून या. गेलो. नंदाबाईंची कोमल तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळा सुटून दप्तर पाठीला लावून ती घरी निघाली होती, ती मला वाट दाखवायला पुढे झाली. आम्ही रेल्वेच्या पुलाच्या मध्यावर पोहोचलो आणि पलीकडून मालगाडी आली. तिथं माणसाला उभं राहायला टीचभर जागा आहे. पूल हादरत होता, खाली लाल पाणी, आणि मी, नगरपरिषदेचा जबाबदार कर्मचारी, हातातली फाइल छातीशी धरून डोळे मिटून उभा. कोमलने माझा हात धरला. म्हणाली, “काका, खाली बघू नका. डबे मोजा. मोजत ऱ्हायलं की संपतेच.”

अठ्ठावन्न डबे होते. मी मोजले. सभागृहाला खरं सांगतो, मला खूप भीती वाटली, आणि गाडी गेल्यावर त्याहून जास्त लाज वाटली. हे पोर हे डबे रोज मोजत होतं, आणि मी तिच्या आईला उशिराचं कारण विचारत होतो.

त्यानंतरच्या सभेत बाजारपेठेत ‘आय लव्ह’ अशी प्रकाशित अक्षरं उभारण्यावर दोन तास चर्चा झाली. ओढ्यावर साकव, म्हणजे माणसांपुरता छोटा पूल, बांधण्याचा विषय कोणी काढला नाही. मी सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो. तेरा ठराव झाले होते, ते लिहिले. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय असा एक मथळा असतो. त्याखाली जागा होती. तिथं मी ठराव क्रमांक चौदा लिहिला: वाडीकडे जाण्यासाठी ओढ्यावर साकव बांधणे. सूचक, बाजीराव आबा. अनुमोदक, कैलासशेठ. सर्वानुमते मंजूर.

कुजबुज करू नका. अजून वीस मिनिटं आहेत.

ही दोनच नावं का, तर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे एकमेकांना विचारणार नाहीत, हा माझा हिशेब. पुढच्या सभेत मी तो ठराव स्वच्छ, मोठ्याने, सावकाश वाचला. वडे आले होते. सभागृह म्हणालं, कायम. प्रस्ताव वर गेला, निधी आला, दीड वर्षात साकव झाला. उद्घाटनाला दोन फलक लागले, दोन नारळ फुटले. आबा आजही भाषणात सांगतात की त्या सभेत साकवासाठी त्यांनी टेबलावर मूठ आपटली होती. मी हजर होतो. मूठ त्यांनी आपटली होती हे खरं आहे. चटणी तिखट असल्याबद्दल.

आबा, हसा. मी चेष्टा करत नाही. तुम्ही ती गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या मनापासून सांगितली आहे की दरवर्षी पावसाळ्याआधी साकवाचे कठडे तुम्ही स्वतः उभं राहून रंगवून घेता. ठराव खोटा होता, पण रंग खरा आहे.

आता माझी चूक. साकवाच्या तोंडाशी ज्या गृहस्थांनी बंगला बांधलाय, त्यांना वाडीची माणसं आणि शेळ्या कुंपणाजवळून जातात याचा त्रास होतो. शनिवार-रविवारच येतात, पण त्रास पूर्ण आठवड्याचा आहे. त्यांच्या वकिलांनी माहितीच्या अधिकारात त्या सभेचं इतिवृत्त मागवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते कोणीतरी पूर्ण वाचलं. ठराव क्रमांक तीन असा आहे: तळेगावला दवाखान्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेले कैलासशेठ लवकर बरे होवोत अशी सदिच्छा ही सभा व्यक्त करते. आणि ठराव क्रमांक चौदाला अनुमोदन दिलं कैलासशेठांनी. दोन्ही माझ्याच अक्षरात, एकाच पानावर. ज्यांना मी दवाखान्यात बरं होण्याच्या शुभेच्छा दिल्या, त्यांनाच अकरा ठरावांनंतर सभागृहात हात वर करायला लावला.

ठराव बनावट असल्याची तक्रार आली, आणि मॅडमनी कर्तव्य म्हणून जे करायचं तेच केलं. सात जूनला सुनावणी आहे. तोवर वैध ठराव दाखवता आला नाही, तर साकव वापरासाठी बंद होईल. पाऊस दारात आहे. कोमल आता वीस वर्षांची आहे. नवलाख उंबऱ्याला कंपनीत पहिल्या पाळीला जाते, पहाटे साडेपाचची बस गाठते, साकवावरून. साकव बंद झाला की तिला पुन्हा डबे मोजावे लागतील.

म्हणून आज सर्वांसमोर सांगतो. ठराव क्रमांक चौदा या सभागृहाने केलेला नाही. तो मी केला. माझ्या पेन्शनचे कागद मॅडमच्या टेबलावर सहीसाठी आहेत, याची मला कल्पना आहे. चौकशी लावायची तर लावावी. मात्र माझं बोलणं अजून संपलेलं नाही.

आपल्या हातात आजच्या कार्यक्रमाची पत्रिका आहे. ती मी लिहिली, दुसरं कोण लिहिणार. सारिकाताईंनी तिच्यावर गाडीच्या बॉनेटवर इतर अकरा कागदांसोबत सही केली, आणि नियमाने जितके दिवस आधी द्यायला हवी तितके दिवस आधी ती सर्व सदस्यांना पोहोचली. ‘अल्पोपहाराचा आस्वाद घ्यावा’ या ओळीपर्यंत सर्वांनी वाचलीच असेल. कृपया त्याखालची ओळ पाहा. ‘निरोप समारंभ तथा विशेष सभा. विषय क्रमांक एक: सत्कार. विषय क्रमांक दोन: ओढ्यावरील साकवास कार्योत्तर मंजुरी देणे.’

दारात गुलाबाचं फूल घेताना आपण ज्या वहीत सह्या केल्यात, ती अभिप्रायाची वही नाही. ते हजेरीपुस्तक आहे. काहींनी सहीपुढे ‘हार्दिक शुभेच्छा’ असं लिहिलंय, हरकत नाही, सही वाचता येते. सतराच्या सतरा सदस्य हजर आहेत. बत्तीस वर्षांत पूर्ण हजेरी मी प्रथमच पाहतोय, आणि ती मी जातोय म्हणून आहे, यात मी काही वाईट वाटून घेत नाही.

पत्रिका पूर्ण वाचणारी एकच व्यक्ती निघाली. तीन दिवसांपूर्वी मॅडमनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि हे काय आहे, असं विचारलं. मी म्हणालो, निमंत्रण. त्यांनी पुन्हा एकदा सगळी वाचली, म्हणाल्या, शुद्धलेखन बरोबर आहे, आणि गेल्या.

सारिकाताई, आपल्या परवानगीने विषय क्रमांक दोन घेऊ का? ताईंनी मान हलवली. मान हलवली म्हणजे परवानगी, असंच मी आजवर लिहीत आलोय.

वडे आलेत, ते दिसतंय मला. पाच मिनिटं तिथंच थांबवा. मागच्या वेळी कोणी ऐकू नये म्हणून मी वाचलं होतं. आज ऐकावं म्हणून वाचतोय, आणि विरोध असेल तर तोही आज लिहून घेईन, अगदी प्रामाणिकपणे. ठराव: वाडीच्या लोकांच्या ये-जा करण्यासाठी ओढ्यावर बांधलेल्या साकवास ही सभा कार्योत्तर मंजुरी देत आहे. सूचक कोण?

आबा, अकरा वर्षं तुम्ही सांगताय. आज खरं करायची संधी आहे.

आबा उभे राहिलेत. मूठ आपटलीच पाहिजे असं नाही, आबा. बरं, आपटली. नोंद घेतो.

अनुमोदक? कैलासशेठ, आज प्रकृती उत्तम दिसते आहे. आबांनी मांडलेल्या ठरावाला अनुमोदन देणं जड जाईल, मला कळतं. पण कागदावर तुम्ही ते एकदा दिलेलंच आहे, दवाखान्यातून. धन्यवाद. हात पूर्ण वर करा, खांद्याएवढा वर केलेला मी धरत नाही. विरोधात कोणी? कोणी नाही. सर्वानुमते मंजूर. वेळ, पाच वाजून सव्वीस मिनिटं.

वडे येऊ द्या.

आभार मानायला चार मिनिटं उरलीत. या सभागृहाचे आभार, मॅडमचे आभार, मला अक्षर देणाऱ्या त्या एक जूनवाल्या गुरुजींचे आभार. बत्तीस वर्षांत माझ्या हातून या सभेने न केलेला एक ठराव लिहिला गेला, त्याबद्दल क्षमा असावी. सभेने केलेले बरेच ठरावही मी तसेच्या तसे लिहिले, त्याबद्दलही असावी.

नंदाबाई, उद्यापासून हजेरीच्या मस्टरवर दुसरं कोणीतरी असेल. वेळेवर या. आता ओढ्याचं कारण चालणार नाही.