जामच्या भिंतीवरचं कलम

मी धनंजय रूपराव भोयर, वय २२ वर्षे, धंदा बोर्ड रंगवणे, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडले, रा. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, कॉलेज का सोडले याचा माझ्याविरुद्धच्या या तक्रारीशी संबंध नाही.

जाम येथे हायवेला ताराचंद सेठ यांची कापसाची जिनिंग कंपनी आहे. बँकेकडे तारण असलेल्या मशिनींवर बँकेचे नाव घालावे लागते, ते माझ्याच हातचे आहे. सेठ आणि त्यांची मुलगी रुचिका हे दोघे डायरेक्टर. बँकेच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत. रुचिका माझ्या वर्गात होती.

काल सकाळी दहाला सेठनी नव्या कर्जाच्या तारणापोटी सहा नव्या मशिनींवर नागपूरच्या एका सावकाराचे नाव टाकायला सांगितले. तो दोन वाजता येणार होता. मी म्हणालो, "सेठजी, बँकेले इचारल्याबिगर जमत नाई."

"बँकेचं नाव जुन्या मशिनीवर हाय. नव्यावर कुठं हाय? दाखव."

मी सांगितले की बँकेच्या करारातले दुसऱ्याचा बोजा न चढवण्याचे कलम साऱ्या मालमत्तेला लागू आहे, नाव असो की नसो.

"कॉलेज सोडून कुंचा मारून राह्यला, अन् मले कायदा शिकवतो काय बे?"

"रुचिकाले माहीत हाय का?"

"तिची सही मी घेतो. तू तिचं नाव घेऊ नको."

ती सही झाली असती तर बँकेला फसवल्याचा ठपका तिच्यावरही आला असता. कलम मला कोणी वाचून दाखवले ते सांगणार नाही.

मशिनींना मी हात लावला नाही. हायवेकडच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटने फूटभर अक्षरात लिहिले, "ही कंपनी बँकेच्या लेखी परवानगीशिवाय आपल्या कोणत्याही मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचा बोजा चढवणार नाही." चौकीदार कैलासने विचारले, "काय लिहून राह्यला बे?" मी म्हणालो, "सेठचा शब्द." त्याने शिडी धरली. त्याचा दोष नाही.

दोनला सावकाराची गाडी आली. काच खाली झाली, वर झाली. गाडी वळून नागपूरकडे गेली. सेठनी माझ्या कानाखाली मारली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रुचिका ऑफिसच्या खिडकीत होती. ती काय म्हणाली असे विचारता सांगतो की, तिने खिडकी लावली नाही.

भिंत पुसली तर प्रकरण मिटेल असे मला सांगण्यात आले. मी पुसणार नाही. सेठनी बँकेची परवानगी आणावी, सहाही मशिनींवर नाव फुकटात घालून देतो.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "रागाच्या भरात" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले व "पूर्ण शुद्धीवर असताना" असे लिहून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे.