वेर्नरला इंजिन ऐकू येतं

…आणि वर मलाच विचारतो, 'तू काही म्हणालीस का?' म्हणालीस का? अहो, मघापासून घसा फोडत होते मी! या, इकडे या, या कठड्यापाशी. खाली काय बघताय? एक जुनं इंजिन आहे, या संग्रहालयातलं. तीन मजली आहे. ते काही कुठे पळून जात नाही. आणि त्याच्या पायथ्याशी निळ्या डगल्यातला जो म्हातारा त्याला प्रेमानं थोपटतोय ना… तो माझा नवरा, वेर्नर. मला कधी असं थोपटल्याचं आठवत नाही! जरा ओरडूनच बोलते हं, या धडधडाटात दुसरा इलाज नाही, आणि घाईघाईनं बोलते, कारण हे धूड बंद पडायच्या आत मला सगळं सांगून मोकळं व्हायचंय. का ते कळेलच.

तर तुम्हाला सांगते, या माणसाला ऐकू येत नाही. उभा जन्म जहाजांच्या कारखान्यात गेला, कान तिथेच ठेवून घरी आला. बरं, येत नाही तर येत नाही म्हणावं की नाही? छे! 'मला सगळं ऐकू येतं एल्सेबेथ, तूच पुटपुटतेस.' मी पुटपुटते? मी? आमच्या वरच्या मजल्यावरची बाई माझ्या प्रश्नांना उत्तरं देते खिडकीतून! ईस्टरला माझी बहीण रूथ जेवायला यायची होती, म्हटलं, वेर्नर, बाजारातून मुरवलेले मासे आण. गेला सायकलवर टांग टाकून. आला. काय आणलं? मोजे! लोकरीचे! आता रूथला काय मोजे वाढू, राईच्या पावावर, वर कांद्याच्या चकत्या पसरून?

पण इंजिन? इंजिन ऐकू येतं हो! तिथे कान कसे सशाचे! खाली या आठ सिलिंडरांपैकी एकानं नुसता उसासा टाकला तरी हा मंगळवारी घरी जेवता जेवता थांबतो, रविवारचा तो आवाज आठवतो आणि म्हणतो, 'चौथ्याला सर्दी झालीय बघ.' चौथ्याला! मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा माझा खोकला ऐकून यानं विचारलं होतं, घरात कुत्रं कुठून आलं!

आणि कसं ऐकतो माहितीये? हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो, डोळे मिटतो. समाधी! मला एकदा वाटलं, ते टोक माझ्या कपाळाला टेकव रे बाबा, बघ तरी आत काय खडखडतंय. बायको नाही ऐकू येत… इंजिन येतं!

नगरपालिकेनं फुकट यंत्र दिलंय कानात घालायचं. छान, नखाएवढं, कुणाला दिसायचंसुद्धा नाही. ते कुठे असायचं? खणात. वाढदिवसाचे कागदी झेंडे, रबरबँडं आणि संपलेल्या बॅटऱ्या, त्यांच्यात. घाल म्हटलं की म्हणायचा, 'मी काय नवरी आहे, कानातलं घालायला?' एवढं मात्र बरोबर ऐकू यायचं!

हसताय तुम्ही. हसा. मीही हसायचे. पण एका संध्याकाळी, मुलाचा फोन येऊन गेला होता, यंदा नाताळला जमणार नाही म्हणाला, आणि मला कसंतरीच झालं. म्हटलं, वेर्नर, मला फार एकटं वाटतं रे. तर हा खिडकीबाहेर बघून म्हणाला, 'हो, उद्या पडेलच.' पाऊस! मी उठले आणि भांडी घासायला लागले. स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासली. घरात माणूस असून भिंतीशी बोलायचं म्हणजे… जाऊ दे. तेव्हाच ठरवलं, हे यंत्र याच्या कानात घातल्याशिवाय मी राहायची नाही.

आता यांची इथली तऱ्हा ऐका. महिन्यातून दोन रविवारी लोकांना दाखवायला हे इंजिन चालवणारी ही जी म्हाताऱ्यांची फलटण आहे ना, सगळे पेन्शनर, सगळे बहिरे. पण यांचं अडत नाही, कारण यांची खुणांची भाषा आहे! अंगठा खाली केला की तेल घाल. मूठ छातीवर ठेवली की थांब. गळ्यावरून हात फिरवला की पुरे, बंद कर. आणि हीच भाषा आमच्या जेवणाच्या टेबलावर! मी रूथच्या ताटात बटाटे वाढत होते, यानं समोरून गळ्यावरून हात फिरवला. रूथ पांढरीफटक. 'एल्सेबेथ, हा मला मारायची धमकी देतोय!' म्हटलं नाही गं, बटाटे पुरे म्हणतोय. म्हणजे सगळ्या खुणा मला पाठ. एक सोडून. सुरू करायची खूण मला ठाऊक नव्हती. कुठून असणार? आमच्या घरात सुरू करायचं असतं काय!

आणि तिथेच घात झाला.

इंजिनाचा वाढदिवस होता. हो, वाढदिवस! माझा साठावा हा विसरला होता, पण इंजिनाचा? झेंडे, थराथराचा क्रीमचा केक, गाणं, हुर्रे, सगळं! नगरपालिकेच्या बाई आल्या होत्या, पांढराशुभ्र कोट घालून. आणि नेमकं त्याच वेळी बोर्गेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बोर्गे म्हणजे यांचा मुख्य, पंचाऐंशीचा आहे, सुरू करायच्या चाकाला इतकी वर्षं त्यानं कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. तो काठी टेकत आला आणि म्हणाला, 'वेर्नर, आज चाक तुझं.'

अहो, वेर्नर या इंजिनाच्या तळघरात वर्षानुवर्षं तेलाची बुधली घेऊन फिरलाय. वरून लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा हा खाली चिंधीनं हात पुसत असायचा. आणि आज चाक! रात्रभर झोपला नाही. सकाळी बूट पुसले. मी यंत्र हातात दिलं, म्हटलं, आज तरी घाल रे, बोर्गेचा हुकूम ऐकू यायला नको? 'घालतो, घालतो,' म्हणाला आणि टाकलं डगल्याच्या खिशात.

मी इथे, अशीच, याच कठड्यापाशी उभी. खाली हा चाक धरून. ताठ! लग्नाच्या फोटोत इतका ताठ नाहीये. त्या बाई भाषण करतायत, हातात केकची बशी, आणि मी बघते तर काय… याचे दोन्ही कान रिकामे! हाका मारून काय उपयोग? म्हणून मी आपली खूण केली. कानाजवळ हात नेला आणि बोट गोल गोल फिरवलं. म्हणजे काय? म्हणजे ते यंत्र कानात घाल आणि नीट पिळून बसव! सरळ आहे ना? कुणालाही कळेल!

याला कळलं. याचा चेहरा असा उजळला, असा उजळला… आणि यानं चाक फिरवलं!

फूस्स्स! कोंडलेली हवा सुटली, जमीन हादरली, धडाड, धडाड, धडाड! बाई 'आणि आता या ऐतिहासिक क्षणी' एवढंच म्हणाल्या होत्या, त्या हातभर उडाल्या, केक कोटावर, स्ट्रॉबेरी थेट गळ्यात! बोर्गे काठी उगारून ओरडतोय, 'कुणी सांगितलं? कुणी सांगितलं तुला?' आणि या माझ्या जन्माच्या जोडीदारानं, इतक्या वर्षांच्या सोबत्यानं, काय केलं? शांतपणे बोट वर केलं. माझ्याकडे! सगळी गर्दी वळली. मी कठड्याखाली वाकले, बुटाची नाडी बांधायला. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

तुम्हाला म्हणून सांगते, इंजिन मात्र काय सुरेख सुरू झालं होतं! पहिल्याच दमात! वेर्नर त्याला ऐकत उभा होता, तोंड उघडं, डोळे मिटलेले. केक, कोट, बोर्गे, काही म्हणजे काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. इंजिन ऐकू येतं ना!

मग बसली बैठक. बहिऱ्यांची बैठक म्हणजे काय विचारू नका. इथली व्यवस्थापक सिग्ने, गोड पोरगी आहे, ती मध्ये कपाळ धरून बसलेली. बोर्गे गरजतोय, 'यंत्र घाल, नाहीतर चाक सोड!' हा म्हणतो, 'हो ना, इंजिन काय मस्त चाललं!' 'इंजिन नाही, यंत्र! कानातलं!' 'सामानातलं?' शेवटी सिग्नेनं फळ्यावर खडूनं लिहिलं: कानात यंत्र नसेल तर वेर्नर परत तेलाच्या बुधलीवर.

वाचलं यानं. आमच्या बागेच्या तुकड्यावर जाऊन बसला, मुळ्याच्या वाफ्याशी, बीअर न उघडता. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता झक्कत घालशील. गेले विजयी मुद्रेनं. शेजारी बसले. तर हा मुळ्याकडे बघत म्हणाला, 'एल्सेबेथ, ते घातलं आणि इंजिन वेगळंच ऐकू आलं तर?'

मला वाटत होतं, हट्ट आहे, म्हातारपणाचा तोरा आहे. आणि हा घाबरला होता हो! त्याला तो आवाज हरवायचा नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याचा हात धरला आणि ओरडून, आजूबाजूच्या सगळ्या बागांना कळेल असं ओरडून सांगितलं, 'चाक फिरवेपर्यंत घाल! इंजिन सुरू झालं की काढून टाक! पण बाकी सगळा वेळ, घरी, दारी, जेवताना… कानात राहील!' यानं विचार केला. मूठ छातीवर ठेवली, म्हणजे थांब. मग अंगठा वर केला. ती खूण त्यांच्या भाषेत नाहीच. ती माझ्यासाठी होती.

झालं! आलं यंत्र कानात. सुखाचा संसार सुरू झाला म्हणाल. हो, पहिल्या दिवशी फ्रिजचा आवाज ऐकून त्याची तब्येत तपासली. घड्याळाची टिकटिक ऐकली. नळ ठिबकत होता तो दुरुस्त केला. मुलाचा फोन आल्यावर स्वतः बोलला, आणि काय बोलला कोण जाणे, पोरगं नाताळला येतंय! संध्याकाळी मी काही म्हटलं की उत्तर येतं, बरोबर त्याच विषयावरचं उत्तर! मला दोनदा रडू आलं, सांगायला लाज कसली?

पण तिसऱ्या दिवशी… मी मोरीत त्याचा तेलकट डगला घासत होते, आणि सवयीनं आपली बोलत होते, 'मेला तेलकट बोका, इंजिनाशीच लग्न करायचं होतंस' वगैरे, नेहमीचंच, तर बाहेरच्या खोलीतून आवाज आला, 'ऐकलं मी!'

अहो, ऐकलं मी! इतकी वर्षं मी त्या मोरीत उभी राहून पोटभर बोलले! त्याच्याबद्दल बोलले, त्याच्या आईबद्दल बोलले, बोलून मोकळी झाले की हसतमुखानं कॉफी घेऊन जात होते. आता बाथरूममध्ये पुटपुटलं तरी दाराबाहेरून 'काय गं?' झोपेत बोलले तर सकाळी खुलासा मागतो! माझा संसार ज्याच्यावर टिकला होता तेच गेलं. तोंडातल्या तोंडात कुढायचं तर मला जमत नाही, आमच्या घराण्यात कुणाला जमत नाही.

मग मला हे सुचलं. आख्ख्या कोपनहेगनमध्ये एकच जागा अशी आहे जिथे वेर्नर कानातलं यंत्र काढून खिशात टाकतो. इथे. इंजिन सुरू आहे तेवढाच वेळ. म्हणून आता महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी, ऊन असो, बर्फ असो, मी त्याच्या आधी तयार असते. तो कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरतो, 'एल्सेबेथला इंजिनाचं वेड लागलंय!' लागलंय बाबा. वर्गणी भरून सभासद झालेय!

अगंबाई, मंदावलं. गळ्यावरून हात फिरवला बघा बोर्गेनं. आता खिशात हात घालेल हा. लवकर सांगा, तुम्ही परक्या आहात, तुम्हीच न्याय करा, माझं यात काही चुकलं का? … काय? … मोठ्यानं बोला! … अहो, ते पिवळं काय आहे तुमच्या कानात? बोळे? दारावर देतात ते? मघापासून? म्हणजे इतका वेळ तुम्ही नुसतीच मान…?

असू दे, असू दे. काढू नका आता. मला सवय आहे.