श्रीनिलयातले सव्वीस भाडेकरू

बंगळूरच्या प्राप्तिकर कार्यालयाच्या बाकावर विमलाक्का हातातली नोटीस घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेले दोन तरुण मराठीतच तावातावानं बोलत होते.

"अरे तनय, आपण काय चोर आहोत? कॉन्ट्रॅक्टवर मरमर राबायचं, आणि वर हे म्हणणार, खोटं घरभाडं दाखवून टॅक्स बुडवला!"

"पण अवधूत, तू तर मारतहळ्ळीला मावशीकडे फुकट राहतोस."

"मग? स्कीम आपलं रिटर्न भरणाऱ्या एजंटची होती. टीममधल्या सगळ्यांनी घेतली. पावत्या तोच देतो."

"कुठल्या घराच्या?"

"जे. पी. नगरचं श्रीनिलय."

"माझ्याही पावतीवर तेच आहे की!"

"सव्वीस जण आहोत आपण. साहेब विचारतो, एका घरात इतके भाडेकरू कसे? म्हटलं, घर मोठं असेल! मी अपील करणार, सोडणार नाही."

"आणि घरमालकीण?"

"कोणी विमला म्हणून म्हातारी आहे. तिचंही रिटर्न हाच एजंट भरतो. तिला काय कळतंय!"

"स्वल्प, जरा इकडे बघा रे. विमला मीच. श्रीनिलयात दोनच खोल्या आहेत. सव्वीस जण निजता कुठे, ते आत्ताच सांगून ठेवा. आत गेल्यावर साहेब मलाच विचारणार आहेत."