पाचव्या दिवसाचं केळं

नाही नाही सर, वरचं नका घेऊ, वरची कडक झालीत, खालचं घ्या — हां, ते. सावकाश चावा, दाताला चिकटतं. तोवर मी बोलते. पास्कल येईलच एवढ्यात, आगाशीला गेलाय सायकलनं, हरिभाऊंच्या वाडीतून राजेळीचा घड आणायला. तुम्हीच सांगितलंत ना त्याला — फिल्म चांगली झालीय, पण तो पाचवा दिवस काढून टाक, नव्यानं कर, मगच परीक्षेला घेतो. तेव्हापासून खुळ्यासारखा केळी शोधतोय. आता तुम्ही म्हणाल, गिरीजमध्ये राहून केळी शोधायला आगाशीला कशाला? केळी आहेत हो आमच्याकडे. पण पास्कलचे पप्पा ऑगस्टात गेले, आणि वर्ष होईपर्यंत घरात गोड करत नाही आम्ही. सुकेळी — ही वाळवलेली केळी — म्हणजे गोडच. घरच्या केळ्यांना हात लावायचा नाही, मी स्पष्ट सांगितलं. तर हा फादरना विचारून आला — बाहेरची केळी, फक्त फोटोपुरती वाळवायची, खायची नाहीत, मग चालतं का? फादर फर्डिनंड म्हणाले चालतं. त्यांना काय, त्यांना सगळंच चालतं. ही तुमच्या पुढ्यातली गेल्या वर्षीची, शेवटचा डबा. घ्या ना. संकोच करू नका.

तर मी काय म्हणत होते — तो पाचवा दिवस राहू दे, सर. का नको? केळं एकदम जाड दिसतं म्हणून? माहीत आहे मला, पाहिलीय ना मी, मे महिन्यात इथेच दाखवली त्यानं, या भिंतीवर चादर लावून, अख्खी आळी जमली होती. चार दिवस ते बिचारं केळं काडेपेटीच्या काड्यांचे हातपाय हलवत चटईवरून चालतंय, रोज थोडं सुकतंय, तांबूस होतंय, कमरेत वाकतंय — आणि पाचव्या दिवशी बघावं तर पांढरंफटक, गुबगुबीत, छाती काढून चाललंय नवऱ्यामुलासारखं. सहाव्या दिवशी पुन्हा म्हातारं. लोक काय हसले म्हणता. शेजारची इझाबेल हसून हसून मागच्याच्या मांडीवर पडली. फादर म्हणाले, वा, पुनरुत्थान दाखवलंय पोरानं. आता पुनरुत्थान तिसऱ्या दिवशी असतं, पाचव्या नाही, पण फादरना कोण सांगणार? मला विचाराल तर तीच गंमत आहे. होतं की माणसाचं तसं — सगळं उतरणीला लागलेलं असतं आणि मधेच एखादा दिवस असा जातो की — बरं, तुम्ही मान हलवू नका, मला कळतंय तुम्हाला पटत नाहीये ते. चूक आहे, बरोबर. मुद्दाम नव्हतं केलेलं.

पास्कलनं तुम्हाला कावळ्याचं सांगितलं असेल. मूळचं केळं कावळ्यानं नेलं म्हणून. त्याला तसंच वाटतं, कारण मीच तसं सांगितलंय. तो कुठे होता घरी त्या दिवशी? तुम्हीच बोलावलं होतंत, आठवतंय का — सोमवारी हजेरी लावा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. गेला मग सकाळच्या गाडीनं. आणि केळं काही थांबत नाही ना हजेरीसाठी, ते वाळतच असतं, एक दिवस चुकला तर — काय म्हणालात? मग कॅमेरा कोणी चालवला? अं... चहा टाकू का? नको? बरं. आता गेलंच तोंडातून. मी चालवला. पाचवा दिवस सगळा मी काढलाय. तुम्ही चावायचे थांबू नका हो, अर्ध्यात थांबलं की टाळ्याला बसतं ते.

आणि त्यात एवढं काय आहे? कॅमेरा तिपाईवर बसवून गेला होता, नीट शिकवून गेला होता. केळं तांदळाच्या दाण्याएवढं पुढे सरकवायचं, वायरचं बटण दोनदा दाबायचं — टक, टक. पुन्हा दाण्याएवढं. सकाळी ऊन चटईवर आलं की सुरू करायचं, झावळीची सावली आली की बंद. दीडशे वेळा सरकवायचं, तीनशे फोटो, आणि पडद्यावर बघायला गेलं तर बारा-तेरा सेकंद, शिंक येऊन जाईपर्यंत संपतं. तुमच्या कॉलेजात त्याला तीन वर्षं लागतात म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून केळी उलटतेय, सर. सोलायची, चटईवर मांडायची, उन्हाप्रमाणे कूस बदलायची, दिवस कलला की सुक्या पानात गुंडाळून आत न्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. सात दिवस. मला फक्त टक करायचं तेवढं नवीन होतं. तुम्ही वहीत हे लिहू नका हां. त्यानंच सहा दिवस केलेत, मी एकच. सातातला एक काही मोठा नाही.

तर केळं. आमच्या ह्यांना, आलोशियसना, साखरेचं दुखणं. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं दोन वर्षांपूर्वी. आणि हे उपवासकाळ लागला की चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगायचे, यंदा मी देवासाठी गोड सोडलंय. डॉक्टरनं बंद केलेलं देवाच्या नावावर खपवायचे. पास्कलची बापावर फौजदारासारखी नजर. सुकेळ्यांच्या डब्यांना कुलूप, किल्ली ह्याच्या खिशात. आणि ज्या माणसानं जन्मभर सुकेळी केली त्यानं नुसतं बघत बसायचं. त्या रविवारी, तिन्हीसांजेला, मी केळी गोळा करत होते, हे ओट्यावर बसलेले. म्हणाले, मटिल्डा, एक दे. मी म्हटलं नाही. म्हणाले, अर्धं दे. मी नाही म्हटलं. मग काही बोललेच नाहीत. बोलले असते तर दिलं नसतं मी, सर.

दिलं एक. आता द्यायचंच तर चांगलं द्यावं, नाही का? हात आपोआप चांगल्यावर जातो, इतक्या वर्षांची सवय. चटईवर दोनशे असतील, त्यात एकच असं होतं की चारी बाजूंनी सारखा रंग, कुठे डाग नाही, कुठे ओल नाही. ते उचललं. हे खाऊन म्हणाले, असं सुकेळं माझ्या बापाच्या हातूनही झालं नव्हतं. कसं होणार? त्यांच्या बापानं एकेक केळं दिवसातून दीडशे वेळा कुठे हलवलं होतं? पण हे मला सकाळी सुचलं. संध्याकाळी पास्कल हातपाय काढून काडेपेटीत ठेवायचा, गुंडाळताना मोडतील म्हणून. सकाळी तो गेल्यावर काडेपेटी उघडली — हातपाय चारही जागेवर, आणि केळं नाही. वेगळं ठेवायची खूणही त्यानं केली होती, पानाला दोरा बांधून. तिन्हीसांजेला रंग तेवढा दिसतो, दोरा आणि काड्यांची बारीक भोकं मला कुठून दिसणार?

मग दुसरं घेतलं त्याच्याच बरोबरीचं. पण सुकलेल्या केळ्यात काडी शिरेना, दोन चिरली, तिसऱ्याला काडीच मोडली. पास्कल आदल्या चार दिवसांत ती जुनीच भोकं वापरायचा. शेवटी दुसऱ्या खेपेतलं घेतलं, कालच सोललेलं, मऊ, त्यात गेल्या काड्या. म्हटलं केळ्यासारखं केळं, कोण बघतंय एवढं. पडद्यावर ते हाताएवढं दिसणार हे मला कोणी सांगितलं होतं?

आणि हे माझ्या मागे उभे. म्हणाले, मी खाल्लंय ना, मग मीच चालवतो. तुम्हाला सांगते सर, हा माणूस तीन महिने पोराला हिणवत होता. जेवताना रोज तेच — आपल्या आज्यानं केळी वाळवली, बापानं वाळवली, मी वाळवली, कोणी डिप्लोमा दिला का रे? केळ्याला पाय लावले की नोकरी लागते का, लागत असेल तर भोपळ्यालाही लावू. पास्कल ताट सोडून उठायचा. आणि तोच माणूस त्या दिवशी अंगणात गुडघ्यावर बसला, सुजलेल्या पायानं, टोपी घालून, ऊन चढेपर्यंत आणि उतरेपर्यंत. मी बटणावर, ते केळ्यावर. मला ओरडत होते, थांब गं, अजून पाय टेकला नाही त्याचा. म्हणे, माणूस चालताना आधी खांदा टाकतो, हे पोराला कळत नाही, त्याचं केळं लाकडासारखं चालतं. ते जे छाती काढून चालणं आहे ना, ज्याच्यावर लोक हसले — ते ह्यांचं. लग्नाच्या वरातीत असेच चालले होते.

संध्याकाळी म्हणाले, पास्कूला सांगू नकोस. हात लावला म्हणून कळलं तर डोक्यावर बसेल. तो आला, केळं बघून कपाळाला हात लावला, मी कावळा म्हणाले. मग त्यानं सुई तापवून एका सुक्या केळ्याला भोकं पाडली आणि पुढचे दोन दिवस उरकले. भिंतीवर फिल्म लागली तेव्हा हे मागे बसले होते, सगळ्यांच्या मागे. पाचवा दिवस सुरू झाला, लोक हसायला लागले, आणि मला दिसलं — एका फोटोत अंगठा राहिलाय. मी टक केलं तेव्हा त्यांनी हात काढला नव्हता. कोयत्यानं काळं पडलेलं नख आहे त्याला. एवढंच, डोळा लवतो तेवढा वेळ. तुम्हाला दिसला नसेल. पास्कललाही नाही दिसला. आम्हा दोघांना दिसला.

मग सांगून का टाकत नाही त्याला, असंच ना? कसं सांगू? पप्पांनी दिवसभर तुझं केळं चालवलं म्हटलं की विचारणार, का? त्यांनी तुझं मूळ केळं खाल्लं म्हणून. कुणी दिलं? मी दिलं. मार्चात दिलं, ऑगस्टात ते गेले. पोरगा किल्ली खिशात घेऊन झोपायचा, सर. आजही असते खिशात. डॉक्टर म्हणाले, एका केळ्यानं काही होत नसतं, बाई. मी विचारलं नव्हतं त्यांना. तेच आपण होऊन म्हणाले.

म्हणून म्हणते, मी सांगितलं तर ऐकणार नाही, तुम्ही सांगितलं तर ऐकेल. कारण काहीही सांगा. शहरात चालते अशी गंमत म्हणा, परीक्षकांना आवडली म्हणा, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सुचेल. मार्क कमी करायचे तर करा — म्हणजे फार नका करू, नापास नको. चांगलं आठवडाभर ऊन आहे पुढे, घड आला की तो आजच सोलायला बसेल, आणि एकदा नवा पाचवा दिवस झाला की जुना तो कात्रीनं कापून टाकणार, त्याची पद्धतच आहे, जमिनीवर तुकडे पडतात आणि मी केर काढते.

सायकल वाजली बघा. डोळे पुसा हो तुम्ही आधी, तो काय म्हणेल.

आलास? उतरव, उतरव घड, सावलीत ठेव. सोलू नकोस लगेच. सर कधीचे येऊन बसलेत. नाही रे, मी काय बोलणार, मी आपली गप्पच होते. सरांना तुझ्याशी बोलायचंय.