जुन्या रायफलीतला दाणा

बाप माझा घाटकोपरला एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राहायचा, बावीस वर्षं, आणि काय सांगू तुम्हाला, बावीस वर्षांत त्याने एक बार काढला नाही. खंडेनवमीला मात्र बंदूक पुसायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर अक्षता, सगळं साग्रसंगीत. मला बोलायचा, बाबू, हत्याराला देवासारखं जपायचं, ते एकदाच रागावतं. मी दहावी नापास झालो, कुर्ल्याला एका गाळ्यात लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, लागलो, आणि हात चांगला होता माझा, खोटं कशाला बोलू, केसाएवढा फरक बोटाला कळायचा.

त्या हातामुळेच मुलुंडच्या रेंजवर आलो, डोंगराच्या पायथ्याला नेमबाजीचा क्लब आहे तिथे. मी रायफली सांभाळायचो, खोलायचो, तेल द्यायचो, स्प्रिंगा बदलायचो. दत्तू कागदाची टार्गेटं लावायचा. एकाच महिन्यात लागलो आम्ही दोघं, अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवलो. त्याची बायको, शैलावहिनी, माझी भाजी वेगळी बांधून द्यायची, बिनतिखटाची, मला पित्त ना.

तर आमच्याकडे एक म्हातारी होती. रायफल हो. क्लब सुरू झाला तेव्हाची, लाकूड काळं पडलेलं. एक गोळी घालायची, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, पुढे ढकलून बंद करायचा, मग घोडा ओढला की बार. एरवी कपाटात असायची, फक्त दसऱ्याला बाहेर यायची. म्हणजे रीतच तशी, खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा आणि दसऱ्याच्या सकाळी म्हातारीने पहिला बार, तो क्लबचे मोठे साहेब काढणार. पूजा झाली की म्हातारी पूर्ण खोलायची आणि आत गेलेलं कुंकू, तांदूळ, पाकळ्या ब्रशने काढायच्या, हे माझं काम, कारण तिच्या घोड्यापाशी मोठी उघडी फट आहे. दर वर्षी खोलली. त्या वर्षी नाही खोलली. का, तर कंटाळा. बस. कोणी मेलं होतं, कोणी आजारी होतं, असं काही असतं तर बरं वाटलं असतं मला. कंबर दुखत होती, वरच्यावर पुसली, बोललो एवढ्या वर्षांत काय झालं, आता काय होतंय.

आता गोळी भरायची ती फायरिंग लाईनवरच, नळीचं तोंड टार्गेटकडे ठेवून, हे आम्ही नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवतो. पण साहेबांचे हात थरथरायचे, चारचौघांत गोळी खाली पडायची, वाईट दिसायचं ना, म्हणून मी मागे टेबलापाशी भरून त्यांच्या हातात द्यायचो. मान म्हणून. सगळे बघायचे, कोणी कधी टोकलं नाही. त्या दिवशी दत्तू टार्गेट लावून परत आलेला, टेबलाच्या पलीकडे आपट्याची पानं वाटत होता, सोनं घ्या साहेब, सोनं घ्या. मी बोल्ट पुढे ढकलला आणि म्हातारी सुटली. घोड्याला बोट नव्हतं माझं, आईशप्पथ सांगतो, बोट बाहेर होतं. गोळी फरशीवर आपटली आणि तिचा तुकडा उडून दत्तूच्या उजव्या डोळ्यात गेला.

तो आधी खाली बसला, मग आडवा झाला, पानं सगळी अंगावर. सगळे त्याच्याकडे धावले, आणि मी काय केलं, मी बोल्ट उघडला, रायफल उलटी करून झटकली, तर घोड्याच्या फटीतून माझ्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला. लाल, तेलकट. कालच्या अक्षतेतला. लेथवाला माणूस मी, मला लगेच कळलं, घोडा ओढेपर्यंत बार अडवून धरते ती आतली पकड पुरती बसलीच नव्हती, दाण्यावर टेकून होती, बोल्टच्या धक्क्याने निसटली. तो दाणा मी तोंडात टाकला आणि गिळला. मित्र रक्तात पडलेला आणि मला हे सुचलं बघा.

पोलीस आले, जबाब झाले, रायफल तपासायला गेली. आतले भाग झिजलेत, आपोआप सुटू शकते, असा निकाल आला. सगळे बोलले, बाबू, तुझी काय चूक, म्हातारीच ती. दत्तूचा डोळा गेला, त्याने काम सोडलं.

दोन वर्षं दर रविवारी त्याच्याकडे भांडुपला गेलो. तो मला डाव्या अंगाला बसवायचा, बोलायचा, इथे बस रे, इथे दिसतोस. वहिनी पानात भात वाढायची आणि माझ्या घशाखाली उतरायचा नाही. तिला वाटायचं मित्राच्या दुःखाने.

गेल्या दसऱ्याला सांगून टाकलं. वहिनी खाली फुलं आणायला गेलेली. बोललो, दत्तू, म्हातारीची चूक नव्हती, मी खोललीच नव्हती, आत तांदूळ अडकलेला, तो मी गिळला. तो बोलला, मी बघितलं होतं. पडलो तेव्हा एक डोळा उघडा होता ना. काय होतं ते नाही कळलं, पण तू काहीतरी तोंडात टाकलंस ते दिसलं. मी बोललो, मग बोलला का नाहीस? तर बोलतो, बोलून डोळा येणार होता काय? तू सांगशील म्हणून थांबलो होतो. पहिल्या रविवारी सांगितलं असतंस ना बाबू, तर आईबहिणीवरून शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता शिवी पण येत नाही तोंडात.

क्लबमध्ये पण सांगितलं मग. ते बोलले, मिटलंय ना सगळं, कशाला उकरतोस. मी घरी बसलो, पुन्हा रायफलीला हात लावला नाही.

तुम्ही लिहा हे सगळं, दाण्यासकट लिहा. देव तुमचं भलं करो, तुमच्या हातून असं काही न होवो, आणि झालंच तर त्याच दिवशी बोला. मी रविवारी अजून जातो. दत्तू दार उघडतो, चहा देतो, नाही असं नाही. फक्त आता मला उजव्या अंगाला बसवतो. मी बसतो.