आतल्या संगणकाला नेट मिळाले त्याबाबत

मी, ईश्वरी गुरुलिंग शेटे, वय २० वर्षे, धंदा शिक्षण, रा. युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड, समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर आई गंगासागर व वडील गुरुलिंग यांच्यासह राहते. वडिलांचे किराणा दुकान आहे. थोरला भाऊ रवि पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. सन २००२ च्या दिवाळीत त्याची नोकरी गेली व तो गावी आला. संक्रांतीनंतर तो कोणास काही न सांगता निघून गेला. वडिलांनी तशी खबर या ठाण्यात दिलेली आहे.

रविचा संगणक घरीच होता. त्यावर लिनक्स असून त्याच्या आत, एका प्रोग्रॅममध्ये, विंडोजचा दुसरा संगणक चालतो. रवि मित्रांशी बोलत असे तो मेसेंजर आतल्या संगणकात, पासवर्ड साठवून ठेवलेला होता. दुकानाच्या फोनवर मॉडेम लावला की बाहेरच्या लिनक्सला नेट मिळे, आतल्याला मिळत नसे. मागील मंगळवारी दुपारी मी आतल्याची जोडणी 'ब्रिज', म्हणजे स्वतंत्र पत्त्याची, होती ती 'नॅट' केली. त्यामुळे तो बाहेरच्याच पत्त्यावरून नेटवर जाऊ लागला. मेसेंजरवर रविचा मित्र सिदू हजर दिसला.

मी माझे नाव लिहून रविबद्दल विचारले.  त्याचे उत्तर आले, "माझ्याजवळच बसलाय. सोलापूरला."

मी वडिलांना हाक मारली. ते गिऱ्हाईक सोडून आले. आई पिठाच्या हातानेच आली. वडील म्हणाले, "ईचार, जेवला का म्हणून."

अप्पा विचारतात, असे मी लिहिले. उत्तर आले, "जेवलो अप्पा. इशे, आतल्याला नेट कसं दिलंस गं?"

मी लिहिले, "नॅट केलं."

"शाब्बास. मॉडेमवर ब्रिज चालत न्हाई. मी सांगायचं इसरलो."

आई म्हणाली, "त्योच हाय."

मी लाईन बंद करू का विचारले. वडील म्हणाले, "राहू दे." त्या दिवशी दुकानाचा फोन अंधार पडेपर्यंत कोणाला लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वडील स्वतः सोलापूरला जाऊन रविला घेऊन आले. तो आता ठाण्याबाहेर वडिलांजवळ बसलेला आहे. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तपास बंद व्हावा.

तो घर सोडून का गेला, असे मला विचारण्यात आले. वडिलांनी त्याला अजून विचारलेले नाही, म्हणून मीही विचारलेले नाही. साहेबांनीही आज विचारू नये, ही विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. सही केली.