समोर घड्याळ असताना

"तबला ठोकण्यातच निम्मा वेळ घालवला! सहाचं कीर्तन, आणि आत्ता कुठे उभ्या राहिल्या बाई!"

पुटपुटलात, काका, पण ऐकू आलं! पहिल्या रांगेत बसून पुटपुटणं म्हणजे माझ्या कानातच बोलणं! रागावले नाही हो. उलट विषयच दिलात मला. मंडळी, ऐका! सवाल साधा आहे: वेळ माहीत असणं आणि वेळ देणं, ही एकच गोष्ट का? थांबा, लगेच माना हलवू नका! आधी आख्यान ऐका, मग हलवा.

मिरजेत अच्युतराव कुरुंदवाडकर नावाचे गृहस्थ. टेलिफोनच्या खात्यात हयात घालवली, निवृत्त झाले – आणि घड्याळाच्या नादी लागले! घड्याळं जमवायच्या नव्हे हं. घड्याळ किती खरं बोलतं, ते मोजायच्या! माडीवर त्यांनी एक डबी बसवली. डबीत स्फटिक. तो थरथरतो सेकंदाला कोटी वेळा! ती थरथर मोजायची, आकाशातल्या उपग्रहांच्या ठोक्याशी ताडून बघायची, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक पकडायची! अब्जाव्या, मंडळी! आपल्याकडे मुहूर्त टळून अर्धा तास होतो, तरी आपण अक्षता टाकतोच की! हे इथे असते, तर आमच्या पेटीवाल्यांना उठवून म्हणाले असते, "तुमची पेटी केसभर चढी आहे!"

आणि तो स्फटिक मोठा मानी! त्याला ऊब एकसारखी लागते. म्हणून डबीत इवलीशी भट्टी. खोलीत पंखा नाही, खिडकी उघडायची नाही, जिन्यात पाय आपटायचा नाही! एकदा का गार पडला, की पुन्हा ठिकाणावर यायला महिना. म्हणून घरातला एकुलता एक इन्व्हर्टर कुणाला? डबीला! आणि लाइट गेली की शालनताई, म्हणजे अच्युतरावांच्या पत्नी, खाली मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटणार.

"अहो, जेवायला चला, पोळी निवतेय!"

"आलो, एक मिनिट!"

बघा हं, मिनिट म्हणजे काय हे ज्याला अब्जाव्या भागापर्यंत ठाऊक, तो बोलतोय! आणि उगवतो केव्हा? आमटी पार गारढोण झाल्यावर! शालनताई म्हणायच्या, "ह्यांचा सेकंद चुकत नाही, जेवण तेवढं रोज चुकतं!"

आता खाली कॉटवर कोण? थोरले भाऊ, त्र्यंबकदादा. आईवडील लवकर गेले, धाकट्याला दादांनीच वाढवलं. पहिला रेडिओ उघडून आतलं काय ते दाखवलं, तेही दादांनीच! तेच दादा आता अंथरुणाला खिळले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपानं हवा भरायची गादी आणली होती. डॉक्टरांनी नवरा-बायकोला अंगणात नेऊन काय ते सांगितलं होतं. पण घरात उच्चार नाही! जो येईल तो म्हणणार, "दादा, दिवाळीला उठून बसताय बघा!"

आणि दादा दिवसभर एकच विचारायचे. "अच्युत, किती वाजले रे?"

अच्युतराव माडीवरून ओरडून सांगायचे, सेकंदासकट! मग वैतागले. आणि असा माणूस वैतागला की काय करतो? यंत्र बसवतो! माडीवरून वायर खाली आणली, कॉटच्या अगदी समोर घड्याळ ठोकलं. वीतभर उंच लाल आकडे!

"दादा, आता विचारायची गरजच नाही! अख्ख्या मिरजेत एवढं बरोबर घड्याळ सापडायचं नाही!"

दादांनी बघितलं. "वा, झकास," म्हणाले. आणि थोड्या वेळानं – "अच्युत, किती वाजले रे?"

आता काय म्हणावं! "समोर आहे ना, दादा!" जिन्यातून आवाज. आणि मग बायकोला, हळूच, "शालन, दादांचं डोकं काही ठिकाणावर नाही आता."

"कुणाचं नाही, ते कळेलच," शालनताई म्हणाल्या.

एके दुपारी लाइट गेली. लाल आकडे मात्र चालू – ते माडीवरच्या डबीवर चालणारे! पंप बंद. गादी बसायला लागली. दादा कण्हायला लागले.

"अहो, गादी बसतेय! इन्व्हर्टरची लाइन खाली द्या!"

"एक मिनिट! महिनाभराचं मोजमाप पुरं होतंय!"

शालनताईंनी पदर खोचला. पंपाची लांब वायर हातात घेतली आणि जिना चढल्या – प्रत्येक पायरीवर पाय आपटत! डबीची पिन उपसली, पंपाची खोचली.

"अगं, काय केलंस! महिना गेला माझा!"

"आणि दादांचा–" शालनताई बोलता बोलता थांबल्या. गिळलं ते. "खाली चला. गादी भरेपर्यंत त्यांना कुशीवर धरायचंय. मला एकटीला पेलत नाहीत."

आले, मंडळी! रागानं लाल होऊन आले, पण आले. दादांना छातीशी धरून कॉटच्या कडेवर बसले. पाठीची हाडं हाताला लागली. एवढी केव्हा झाली ही हाडं? ते मोजायचं राहिलंच होतं! समोरचे लाल आकडे विझलेले. पंपाची घरघर. गादी भरली, तरी उठवेना. आणि दादा छातीला टेकून, डोळे मिटून.

काका, मघाशी मनगट वर केलंत, ते बघितलं हो मी! पण घरी कोण आहे तुमच्या? कुणीतरी असेलच, सारखं विचारणारं – "जेवलास का?", "फोन लागतो का बघ?", "पाऊस येईल का रे?" उत्तर ठाऊक असतं हो त्यांना! आणि आपण माडीवरून उत्तर फेकतो. अगदी बरोबर उत्तर! मग वर आपणच चिडतो, की पुन्हा का विचारतात!

शेवटी अच्युतरावांनाच राहवेना. "दादा, किती वाजले ते विचारलं नाहीत आज?"

"कशाला विचारू? खाली आलायस ना."

अच्युतराव काहीतरी बोलायचं म्हणून सवयीनं म्हणाले, "दादा, दिवाळीला तुम्ही उठून–"

दादांनी त्यांचा हात दाबला.

"पुरे रे, अच्युत. सेकंदाचं खोटं चालत नाही तुला, आणि हे एवढं मोठं बोलतोस? मी मरतोय. तोवर बस इथे."